मदत हवी आहे: गाणी आणि व्हिडिओंसाठी कोणता नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्यावा?

बाबांच्या दोनशे कॅसेट मी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) उतरवून घेतल्या आहेत. नाट्यगीतं, भजनं, आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली. शिवाय घरच्या लग्नामुंजींचे व्हिडिओ. मागच्या महिन्यात एक हार्डडिस्क अचानक बंद पडली. दुसरीकडे प्रत होती म्हणून सगळं वाचलं.

आता दोन डिस्कचा नॅस घेऊन रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) लावायचं ठरवलंय. (वेगळा बॅकअप ठेवणारच.) सिनॉलॉजीचा डीएस२२३जे घ्यावा की डीएस२२४+? दुसऱ्यात इंटेलचा प्रोसेसर आहे, जेलीफिनमध्ये (आपल्या फाइली टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) ट्रान्सकोडिंगला, म्हणजे व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा रूपात बदलायला, तो उपयोगी. पण टीव्ही फाइल थेट चालवत असेल तर जास्तीचे पैसे घालावेत का? नुसत्या गाण्यांना स्वस्तातलाही पुरेल. आमच्याकडे वीज सारखी जाते, यूपीएस कोणता जोडता? आणि मुख्य म्हणजे, आईला रिमोटवरून स्वतः गाणं लावता आलं पाहिजे.