नॅशनलला चौथा आलेलाही टीममध्ये गेलाय

वर भाऊंनी लिहिलं की अमेरिकेत तिशीला टेकलेला फिगर स्केटर (बर्फावर उड्या-गिरक्या घेणारा) नॅशनलला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, पहिल्या तिनात नाही आला तर ऑलिंपिकचा विषयच संपला, पण भाऊ तसं नसतं हो. तिथं नुसती नॅशनल बघत नाहीत, सिलेक्शन कमिटी आधीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही धरते. २०१८ आठवा, अ‍ॅडम रिपन नॅशनलला पडला, चौथा आला, तरी ऑलिंपिक टीममध्ये तो गेला आणि दुसरा आलेला रॉस मायनर राहून गेला. रिपन तेव्हा २८ चा, प्याँगचांग ऑलिंपिकहून टीम इव्हेंटचं ब्राँझ घेऊन आला. मायनरसाठी मला आजही वाईट वाटतं, पण वर्षभराचा खेळ बघणं मला तरी बरोबर वाटतं.

खरी अडचण वयापेक्षा क्वाडची, म्हणजे हवेत चार गिरक्या घ्यायच्या उडीची. उड्यांच्या प्रकारांत क्वाड टो लूपचे बेस पॉइंटच (ठरलेले मूळ गुण) ९.५, साडेतीन गिरक्यांच्या ट्रिपल अ‍ॅक्सलचे ८, क्वाड लुट्झ तर ११.५, आणि ते रोज मारायचे तर घोटे-गुडघे किती सोसणार! तरी अमेरिकेचा जेसन ब्राऊन बीजिंग ऑलिंपिकला २०२२ मध्ये एकही क्वाड न मारता सहावा आला, नुसत्या स्पिन, फुटवर्क अन सफाईवर.

आपल्या नागपुरात चाकांचे स्केट्स घालून पोरं मस्त खेळतात अन दहावी आली की घरचेच बंद करायला लावतात, त्यांना डिआना स्टेलाटो-ड्युडेक दाखवा. दुखापतीनं खेळ सोडला, १६ वर्षांनी परत आली, अन २०२४ ला ४० व्या वर्षी कॅनडाकडून पेअर्सची (जोडीनं करायच्या स्केटिंगची) वर्ल्ड चॅम्पियन झाली.