एए सेलसाठी स्मार्ट चार्जर कसा निवडावा?

प्रश्न: फ्लॅशसाठी मी २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) चे चार निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे सेल वापरतो, जुन्या साध्या चार्जरमध्ये रात्रभर राहिल्यावर ते फार तापतात. नवा घेताना काय पाहावे?

उत्तर १: प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणाराच घ्यावा, कारण जोडीने चार्ज करताना आधीच अर्धा भरलेला सेल अतिचार्ज होतो आणि रिकामा अपुरा राहतो. सेल भरला की त्याचे व्होल्टेज किंचित उतरते. चांगला चार्जर ही उतरण ओळखून करंट थांबवतो.

उत्तर २: त्यासाठीच करंट ५०० ते १००० मिलीअँपिअर ठेवावा, फारच कमी ठेवल्यास ती उतरण चार्जरच्या लक्षात येत नाही.

उत्तर ३: अल्कलाइन, म्हणजे पुन्हा चार्ज न होणारे साधे सेल चार्जरमध्ये कृपया कधीही घालू नयेत, ते गळतात किंवा फुटतात. सेल कोमट होणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल तर मात्र प्लग लगेच काढावा.