माळ्यावरची पेटी कोणाला हवी आहे का?

बी-४०२ वहिनी: नमस्कार मंडळी. दिवाळीची आवराआवर काढलीये. माळ्यावर सासूबाईंच्या ट्रंकेत एक लाकडी पेटी सापडली. ब्रीफकेससारखी बंद होते, उघडली की आत दोन चक्रं, एक मोठं, एक लहान, आणि एक लांब लोखंडी सुई. कोणाला हवी असेल तर घेऊन जा. नाहीतर रविवारी भंगारवाला येतोय.

सी-२०३: ग्रामोफोन असेल वहिनी. कर्णा हरवलेला दिसतोय 😄

ए-१०१ आजोबा: थांबा थांबा! भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. फोटो टाका आधी.

बी-४०२ वहिनी: 📷 फोटो

ए-१०१ आजोबा: वाटलंच. पेटी चरखा आहे हो हा. ती सुई म्हणजे चाती. याला येरवडा चरखा म्हणतात, आणि येरवडा म्हणजे आपलंच, गॅलरीतून भिंत दिसते ते. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजींना तिथे ठेवलं होतं, त्या काळात त्यांनी चरख्याच्या या रूपावर काम केलं. उभा चरखा प्रवासात न्यायचा म्हणजे पंचाईत. हा मिटवला की काखेत मारून रेल्वेत चढता येतं. मोठ्या चक्रावरून माळ, म्हणजे फिरवणारी दोरी, लहान चक्रावर, तिथून चातीवर. मोठं चक्र सावकाश फिरतं, चाती भिरभिरते. माळ तुटलेली दिसते, बाकी सगळं शाबूत आहे.

सी-७०३: तो फेमस फोटो आहे ना, गांधीजी वाचतायत आणि पुढे चरखा? तो हाच का?

ए-३०२ बाई: नाही, त्यात मोठा चरखा आहे. पण फोटो पुण्यातलाच बरं का. १९४६, ताडीवाला रोडचं निसर्गोपचार केंद्र. मार्गारेट बर्क-व्हाइट फोटो काढायला आली तर तिला सांगितलं, आधी सूत कातायला शीक, मग कॅमेरा काढ. शिकली बिचारी थोडंफार.

सी-७०३: हे भारी आहे.

डी-५०५: वहिनी, भंगारात देऊ नकाच. गांधीजींचा येरवड्यातला चरखा २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये लिलावात गेला. १ लाख १० हजार पौंड.

बी-४०२ वहिनी: 😳 भंगारवाला कॅन्सल.

ए-१०१ आजोबा: अहो, तो त्यांनी स्वतः तुरुंगात वापरलेला होता. एका अमेरिकन मिशनऱ्याला त्यांनीच दिलेला. तुमच्या पेटीला त्याच्या निम्मे जरी आले तरी बिल्डिंगचा रंग तुमच्याकडून.

सेक्रेटरी: रंगाचा विषय निघालाच आहे तर तीन फ्लॅटचं मेंटेनन्स बाकी आहे. नावं घेत नाही.

सी-२०३: चरखा ठीक आहे, पण चरखा फिरवून इंग्रज गेले हे मला कधीच पटलेलं नाही. सॉरी.

ए-३०२ बाई: सॉरी कशाला? तेव्हाच्या पुढाऱ्यांनाही पटत नव्हतं. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच झाले. तेव्हा नियम झाला, सभासद व्हायचं तर दरमहा २,००० यार्ड सूत द्या. कल्पना करा, मोठमोठे बॅरिस्टर चातीशी झटापट करतायत आणि धागा तुटतोय! बऱ्याच जणांनी दुसऱ्याकडून कातून घेतलं. वर्ष व्हायच्या आत नियम सैल करावा लागला, सूत नसेल तर चार आणे द्या म्हणून. म्हणजे ही योजना फसली असंच मी म्हणेन. पण मला ते फसणंच आवडतं. टाळ्या वाजवायला आलेल्याच्या हातात पेळू, म्हणजे कातायची कापसाची वळी, ठेवायचा, ही त्या माणसाची खोड होती.

सी-२०३: टेक्निकल सुधारणा तरी करायच्या मग. गिरणीपुढे हा कसा टिकणार?

ए-१०१ आजोबा: प्रयत्न केला ना. १९२९ मध्ये चरखा संघाने एक लाखाचं बक्षीस लावलं. जास्त सूत काढणारा, खेड्यात दुरुस्त होणारा आणि दीडशे रुपयांच्या आतला चरखा बनवा म्हणून. त्या काळचे एक लाख! ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

सी-६०१: ➡️ अनेक वेळा फॉरवर्ड केलेला मेसेज: *गांधींनी पाकिस्तानला ५५ कोटी मिळावेत म्हणून उपोषण...*

ए-३०२ बाई: ६०१, मेसेज अर्धवट आहे. १३ जानेवारी १९४८ ला उपोषण सुरू झालं, १५ ला सरकारने पैसे द्यायचं ठरवलं, हे खरं. पण उपोषण तेव्हा सुटलं नाही, १८ ला सुटलं, दिल्लीतल्या सगळ्या पुढाऱ्यांनी सात अटी मान्य केल्यावर. त्या सातांत ५५ कोटी नाहीत. मुसलमानांची सुरक्षितता, बळकावलेल्या मशिदी परत करणं, असं सगळं आहे.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको प्लीज. नियम क्र. ४.

डी-५०५: राजकारण नाही सर, पण येरवड्याचा विषय आहे तर एक बोलतोच. त्याच भिंतीच्या आत १९३२ चं उपोषणही झालं. २० सप्टेंबरला सुरू, २४ ला पुणे करार. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ सोडून राखीव जागांवर सही करावी लागली. गांधीजी गेले असते तर गावोगावच्या वस्त्यांवर काय ओढवलं असतं? त्यांच्यापुढे दुसरा रस्ता काय होता? आमच्या घरात याला अहिंसा म्हणत नाहीत.

ए-१०१ आजोबा: याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वडिलांकडेही नव्हतं, आणि ते आयुष्यभर खादी नेसले.

डी-५०५: 🙏 चरखा मात्र ठेवा वहिनी.

बी-४०२ वहिनी: ठेवतेय हो. सासूबाई कातायच्या हे मला माहीतच नव्हतं. एवढं आठवतं, त्या आगाखान पॅलेसला दरवर्षी फेब्रुवारीत एकट्याच जायच्या. कोणाला सोबत नेत नसत.

ए-३०२ बाई: २२ फेब्रुवारीला जात असतील. १९४४ मध्ये त्या दिवशी कस्तुरबा गेल्या तिथे, नजरकैदेतच. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला. अस्थी गोळा करताना हातातल्या पाच काचेच्या बांगड्या न तडकता मिळाल्या. समाधी अजून आहे, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधीशेजारी. आपल्यापासून रिक्षाने दहा मिनिटं, आणि आपल्यातले निम्मे गेलेले नसतील.

सी-७०३: मी नाही गेलेलो 🙈

ए-१०१ आजोबा: वहिनी, पेटीबरोबर सूत किंवा पेळू काही होतं का? कातणारी माणसं शेवटची गुंडी सहसा जपून ठेवायची. ६४० तार, तार चार फुटांची. म्हणजे एका गुंडीत पाऊण किलोमीटरहून जास्त सूत.

बी-४०२ वहिनी: पांढऱ्या रुमालात एक दोऱ्याची लड होती खरी. पिवळट, जराशी गाठाळ.

ए-१०१ आजोबा: तीच! कुठे आहे?

बी-४०२ वहिनी: काका, रागावू नका. काल मी त्याने पेपरची रद्दी बांधली. चारपदरी करून. मला वाटलं जुनी सुतळी आहे.

ए-१०१ आजोबा: रद्दी गेली?

बी-४०२ वहिनी: नाही, खाली वॉचमनच्या केबिनपाशी आहे. तीन गठ्ठे.

ए-१०१ आजोबा: निघालो. कोणीही कात्री लावू नका, गाठी मी हाताने सोडवतो.

सी-७०३: मी पण येतोय काका, लिफ्ट बंद आहे, जपून उतरा.