सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करायचे आहे. जोडीला पदवी कोणत्या विषयाची घ्यावी?

प्रश्न (सातारा)
नमस्कार. मी यंदा भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झालो असून व्यावसायिक वैमानिक होण्याचे माझे पक्के ठरले आहे. प्रशिक्षणासाठी ओढ्याकाठची एक एकर जमीन विकण्यास वडील तयार आहेत. मात्र हाती एखादी पदवीही असावी, ही त्यांची एकच अट आहे. बी.एस्सी. एव्हिएशन, एरोनॉटिकल अभियांत्रिकी की साधी भौतिकशास्त्राची पदवी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वैमानिक, मुंबई)
तुझ्या वडिलांची अट रास्त आहे. सीपीएलसाठी पदवी लागत नाही, त्यामुळे उड्डाण थांबेल त्या दिवशी घर चालवणे एवढेच तिचे काम. किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये, अशा विमान कंपन्या बंद पडल्या, तेव्हा शेकडो वैमानिक एकाच वेळी नोकरी शोधत होते. अशा काळात एव्हिएशनची पदवी म्हणजे मोडणाऱ्या फांदीलाच बांधलेला दुसरा दोर होय. माझी कंपनी बंद पडली तेव्हा मला बी.कॉम.ने तारले. चौदा महिने मी एका कर सल्लागाराकडे दिवसभर जीएसटीची विवरणे भरली आणि त्याच पगारातून सिम्युलेटरचे पैसे भरून इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) चालू ठेवले. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करावे, असे मी सुचवेन. पावसाळ्यात प्रशिक्षणाची उड्डाणे अनेकदा अडतात. ते दिवस अभ्यासाला मिळतात.

उत्तर २ (हवाई वाहतूक नियंत्रक)
कॅप्टनसाहेबांचा अनुभव मोलाचा आहे, तरीही मी भौतिकशास्त्राच्या बाजूने आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणात नियंत्रकाच्या भरतीसाठी भौतिकशास्त्र व गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, बी.कॉम. तेथे चालत नाही. मात्र या पदाला वयोमर्यादा आहे आणि वैद्यकीय तपासणीही आहे, हे ध्यानात ठेवावे. प्रयोगशाळेची हजेरी आणि फ्लाइंग स्कूल एकत्र जमत नाही, म्हणून तीन वर्षांत पदवी पूर्ण करून मगच उड्डाणाकडे वळावे. एकविसावे वर्ष वैमानिकासाठी मुळीच उशिराचे नाही.

उत्तर ३ (एका वैमानिक मुलीची आई, नाशिक)
बाळा, पदवीचे ठरवण्याआधी डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून क्लास 2 ही प्राथमिक आणि पाठोपाठ क्लास 1 ही व्यावसायिक वैमानिकासाठीची वैद्यकीय तपासणी करून घे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता आधी भरला आणि मुलाला रंग ओळखण्यात अडचण आहे हे नंतर कळले. तुझा अहवाल हाती येईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू देऊ नकोस.

प्रश्नकर्ता
काकू, आपला सल्ला वडिलांना वाचून दाखवला. क्लास 2 साठी पुढच्याच आठवड्यात पुण्याला जातो आहोत. दरम्यान साताऱ्यातच बी.एस्सी. भौतिकशास्त्राला प्रवेश घेतो. जमिनीचा विषय वडिलांनी तूर्त बाजूला ठेवला आहे.