मदत हवी आहे - आजोबांच्या जहाजाच्या नोकरीचा रेकॉर्ड कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव अंबाजोगाईकडचं, समुद्र कोणी बघितलेला नाही, पण आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जहाजावर होते. लढाऊ नाही, माल वाहणाऱ्या. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम, त्याला आगवाला म्हणायचे. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य, हे घरातून पळून मुंबईला गेले आन् गोदीत कोणीतरी सारंगाला (म्हणजे खलाशांच्या मुकादमाला) गाठून चढले म्हणे.

काका छातीठोकपणे सांगतात की आजोबा 'तिलावा'वर होते. ती 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून आफ्रिकेला निघाली आन् 23 ला जपानी पाणबुडीनं बुडवली, 280 लोक गेले. वडील म्हणतात तसं काही नाही, जहाज दुसरंच. दोघांचं भांडण माझ्या लहानपणापासून चालूय! आजोबा स्वतः काहीच बोलायचे नाहीत, फक्त दिवाळीत मोठा फटाका वाजला की उठून आत जायचे.

हातात फक्त एक पदक आहे, त्यावर नावच नाही, आन् नळीची (म्हणजे खलाशाचं पुस्तक) दोन पानं, बाकी वाळवीनं खाल्लं. नंबर अर्धा दिसतो.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या काळच्या खलाशांच्या याद्या आहेत पण त्या जहाजाच्या अधिकृत नंबरानं लावल्यात, माणसाच्या नावानं नाही. मग जहाजच माहीत नसेल तर सुरुवात कुठून करायची? मुंबईत नळीच्या नंबरवरून कोणी शोध घेतलाय का? आन् निजाम राज्यातल्या माणसाचा पत्ता तेव्हा कसा लिहायचे, नावाचं स्पेलिंग काय काय करायचे, अनुभव असेल तर सांगा. वडील 78 चे झालेत, जरा घाई आहे.