किलोमीटरसोबत महिनेही बघा

दहा हजार किलोमीटर होईपर्यंत गाडीच्या इंजिन ऑईलला हात लावायचा नाही, असं काही जण सांगतात. रोज जळगाव-धुळे हायवेवर पळणाऱ्या गाडीला ते चालेल. पण बहुतेक मॅन्युअलमध्ये त्यापुढेच 'किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असतं, ते सगळेच विसरतात.

आमची गाडी घर ते शेत, तीन-चार किलोमीटर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद, मग आतलं पाणी आणि न जळालेलं पेट्रोल उडून न जाता ऑईलमध्येच राहतं. दोन हिवाळे असेच काढले. ऑईलचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर साय धरलेली! वाईट वाटलं हो. आता किलोमीटर कितीही होवोत, दर दिवाळीला ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. शिवाररस्त्याचा फुफाटा असेल तर एअर फिल्टर त्याआधीच बघा.