लाइव्हवर अकॉर्डियन सोलो ऐकला. डाव्या हाताला एकेक सूर कसा वाजतो?

शुक्रवारपेठ_पेटी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, भजनी मंडळात पेटी वाजवतो. वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवलं. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला, गणपतीत चौकात स्टेज घालून सिनेमाची गाणी सादर करणारा.

परवा जर्मनीतल्या एका वाद्यवृंदाची मैफल यूट्यूबवर लाइव्ह होती. तिथले संध्याकाळचे साडेसात, आपले रात्रीचे अकरा. वडील एरवी नवाला आडवे होतात, त्या दिवशी चष्मा पुसून बसले. अर्जेंटिनाचे संगीतकार पियाझोला यांचा बँडोनियन कॉन्सर्टो होता. बँडोनियन म्हणजे अकॉर्डियनच्याच जातीचं भात्याचं वाद्य, आणि कॉन्सर्टो म्हणजे एक वाद्य पुढं, वाद्यवृंद साथीला. तो एका बाईंनी अकॉर्डियनवर वाजवला. गोविंदराव टेंब्यांच्या गावात पेटीचा सोलो काही नवा नाही. पण अकॉर्डियन मधोमध खुर्चीवर आणि मागं सगळा वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबलेला, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. वडिलांनी आयुष्यभर दोन कडव्यांमधल्या जागा भरल्या. गाणारा पुढं, हे मागं.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला बाकी सगळे गप्प, एकटं अकॉर्डियन. बाईंनी एक सूर धरला आणि बोट न हलवता, नुसत्या भात्यावर, तो बारीक करत नेला. वडील हळूच म्हणाले, "भाता कुठं फिरवला बघ. वाक्य संपल्यावर. मधे नाही."

आता प्रश्न. त्यांचा डावा हात एकेक सुराची स्वतंत्र चाल वाजवत होता. वडिलांचं १२० बासचं आहे, म्हणजे डाव्या हाताला १२० बटणं. त्यात डावीकडचं बटण दाबलं की तीन-तीन स्वर एकदम येतात. "हे माझ्यात नाही," असं ते दोनदा म्हणाले. मग ते वाद्यच वेगळं असतं का? आणि फोनवर खर्जातलं काहीच ऐकू येत नव्हतं, त्याला काय करावं?

पुणे_चेलो
तुमच्या वडिलांनी बरोबर पकडलंय. १२० बासमध्ये डावीकडं सहा ओळी असतात. दोन ओळी सुट्या खर्जाच्या, बाकी चार तयार कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीच्या: मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. सुटे खर्ज आहेत, पण ते सप्तकभरच. वर चढायला गेलं की तेच सूर पुन्हा येतात, त्यामुळं लांब चाल वाजवता येत नाही. मैफलीत वाजवणाऱ्यांच्या अकॉर्डियनला बहुतेक वेळा कन्व्हर्टर असतो. एक पट्टी दाबली की तीच कॉर्डची बटणं सुटे सूर द्यायला लागतात, अनेक सप्तकांत. त्याला फ्री बास म्हणतात. जुन्या वाद्यात तो नंतर बसवणं व्यवहाराचं नाही.

तो कॉन्सर्टो १९७९ चा. त्यात फुंकून वाजवायची वाद्यं नाहीत. तंतुवाद्यं, हार्प, पियानो आणि तालवाद्यं एवढंच. पियाझोला स्वतः बँडोनियन वाजवायचे. वडिलांना रशियन संगीतकार सोफिया गुबाइदुलिनांचं 'दे प्रोफुंदिस' (१९७८) ऐकवा. बायानसाठी, म्हणजे बटणांच्या रशियन अकॉर्डियनसाठी आहे, एकट्या वाद्याचं. त्यात काही ठिकाणी सूरच नाही, नुसती भात्याची हवा ऐकू येते.

फोनच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. हेडफोन लावा, नाहीतर वायरनं घरच्या अँप्लिफायरला जोडा.

भाता_आणि_सूर (मिरज)
मी पेट्या दुरुस्त करतो, अधूनमधून अकॉर्डियनही येतं. त्या बारीक होत गेलेल्या सुराबद्दल सांगतो. पेटीत बाहेरच्या भात्याच्या आत स्प्रिंगवर दुसरा भाता असतो. हवा तिथं साठते, म्हणून आस, म्हणजे सुराची सलग धार, एकसारखी मिळते. अकॉर्डियनला ही साठवण नाही. हाताचा जोर थेट सुरावर येतो. म्हणूनच ते वाजवणारा भात्यावरून ओळखावा.

दुसरं, आतल्या थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना आम्ही सूर म्हणतो. पेटीतले सूर पितळेचे, अकॉर्डियनचे पोलादी. आणि एका स्वराला दोन सूर: एक भाता उघडताना बोलतो, एक मिटताना. वडिलांचं वाद्य चालू आहे का?

शुक्रवारपेठ_पेटी
दोघांचेही मनापासून आभार. रेकॉर्डिंग अजून होतं. भजनाचा अँप्लिफायर जोडून काल पुन्हा लावलं. खर्ज ऐकल्यावर वडील उठले आणि म्हणाले, माळ्यावरून काढ.

२०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं. वाद्य वर होतं म्हणून वाचलं, पण त्यानंतर ते उघडलंच नव्हतं. पट्टा खांद्याला लावायला मी मदत केली. डावा हात आत घातला आणि न बघता त्यांचं बोट सी (C) स्वराच्या बटणावर गेलं. त्या एका बटणाला मधे खळगा असतो, तो चाचपून. वाजलं! उजवीकडचे तीन स्वर मात्र भाता उघडताना गप्प, मिटताना बोलतात. कुबट वासही येतोय.

भाता_आणि_सूर (मिरज)
मिटताना बोलतात म्हणजे त्या बाजूचे सूर शाबूत आहेत. उघडतानाच्या सुरावर गंज धरला असेल किंवा कातड्याची झडप वळली असेल. दोन्ही होण्यासारखं आहे. तेल अजिबात घालू नका, उन्हात ठेवू नका, आतलं मेण वितळतं. वाद्य त्याच्या खोक्यात आडवं न ठेवता वाजवताना असतं तसं उभं ठेवा.

शुक्रवारपेठ_पेटी
रविवारी वाद्य घेऊन मिरजेला येतो. वडीलही येतायत, सूर लावताना समोर बसायचं म्हणतात.